पुठ्ठ्याचे रणांगण
टाकाऊ वस्तूंतून जमीन वाचण्याचा एक प्रयोग

दिवाळीच्या सुटीत अंगणात मातीचा किल्ला करणे हा महाराष्ट्रातील मुलांचा जुना उद्योग आहे. विटा, दगड आणि पोती रचायची, वरून चिखल लिंपायचा, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची आणि बुरजांवर मातीचे मावळे उभे करायचे. या किल्ल्यात मावळा दरवाजाइतका उंच असतो आणि तोफ तटापेक्षा जाड असते. सजावट म्हणून त्यात काही बिघडत नाही. पण या किल्ल्याला एखादा प्रश्न विचारला तर तो उत्तर देऊ शकत नाही. या बुरजावरील पहारेकऱ्याला खालची वाट दिसेल का? पायथ्यापासून दरवाजापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल? प्रमाण नसलेली प्रतिकृती या प्रश्नांवर गप्प राहते.

प्रश्नांची उत्तरे देणारी प्रतिकृती घरातील आणि शेतातील टाकाऊ वस्तूंपासून कशी करावी, तिच्यात कोणते विज्ञान दडलेले आहे आणि तिच्यावर एक खरी लढाई मांडून काय शिकता येते, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. डोणगाव (तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा) या गावाच्या परिसरातील शाळा आम्ही समोर ठेवल्या आहेत. इतर ठिकाणच्या शिक्षकांनी सामानात आपापल्या भागाप्रमाणे बदल करावा.

सपाट पट आणि उंचसखल पट

बुद्धिबळ हा युद्धाचाच खेळ. त्याचे मूळ आपल्या चतुरंगात आहे. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ ही त्या खेळाची चार अंगे. पण त्याच्या ६४ घरांत नदी नाही, टेकडी नाही, चिखल नाही. प्रत्येक घर दुसऱ्या घरासारखेच. खऱ्या रणांगणावर असे कधीच नसते. तिथे दोन सेनांइतकीच जमीनही लढाईत भाग घेते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न प्रशियातील राईसविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने केला. १८१२ साली त्याने आपल्या राजाला एक खास टेबल भेट दिले. त्यावर डोंगर, नद्या आणि गावे यांचे उठावदार तुकडे हवे तसे मांडून त्यांत लाकडी ठोकळ्यांप्रमाणे सैन्याच्या तुकड्या हलवता येत. त्याच्या मुलाने १८२४ साली या खेळाचे नियम छापले; त्यात १:८,००० प्रमाणाचे नकाशे, फासे आणि निवाडा देणारा पंच अशी व्यवस्था होती. प्रशियाच्या सैन्याने तो प्रशिक्षणासाठी स्वीकारला. आजही आपल्या लष्करात मोहिमेपूर्वी जमिनीवर वाळूची प्रतिकृती करून अधिकारी बेत समजावून सांगतात; तिला ‘सँड मॉडेल’ म्हणतात.

घराघरांत हा खेळ नेला तो एच. जी. वेल्स या विज्ञानकथालेखकाने. १९१३ साली त्याने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांवर एक छोटे पुस्तक लिहिले. लाकडी ठोकळ्यांची घरे, बागेतून तोडलेल्या फांद्यांचे जंगल, पुठ्ठ्याच्या भिंती असे त्याचे सामान होते. पुस्तकाच्या अखेरीस त्याने खेळातील युद्ध आणि खरे युद्ध यांची तुलना करून खऱ्या युद्धाचा निरर्थकपणा दाखवला होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

आधी प्रमाण, मग कात्री

काम सुरू करण्यापूर्वी प्रमाण ठरवावे. वर्गातील दोन बाके जोडली की साधारण १०० सेंटिमीटर लांब आणि ७५ सेंटिमीटर रुंद पट मावतो. त्यावर ४ किलोमीटर × ३ किलोमीटर एवढा प्रदेश दाखवायचा असेल तर १ किलोमीटरला २५ सेंटिमीटर, म्हणजे १:४,००० हे प्रमाण येते.

भारतीय सर्वेक्षण खात्याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता आंतरजालावरूनही मिळवता येतात. या नकाशावर आपला प्रदेश ८ सेंटिमीटर × ६ सेंटिमीटर एवढा दिसेल. त्यावर १ सेंटिमीटर बाजूचे ४८ चौरस आखावेत. पटावर १२.५ सेंटिमीटर बाजूचे ४८ चौरस आखावेत. मग लहान चौरसात जे आहे ते मोठ्या चौरसात उतरवायचे. रांगोळी किंवा भित्तिचित्र मोठे करण्याची हीच पद्धत असल्याने मुलांना ती लगेच जमते. नद्या, रस्ते, गावे आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) अशा क्रमाने उतरवत जावे.

आता उंचीचा प्रश्न. खोक्याचा साधा पन्हाळीदार पुठ्ठा साधारण ३ मिलिमीटर जाड असतो. १:४,००० प्रमाणात ३ मिलिमीटर म्हणजे १२ मीटर. बुलढाणा-जालना भागातील सपाट शिवारात १२ मीटरचा चढ म्हणजे पुष्कळच झाला. त्यामुळे उभे प्रमाण वाढवण्याचा मोह होतो आणि तो अगदी गैरही नाही. पण तो किती वाढवावा, यात खरी कसोटी आहे.

सरावासाठी जवळच्या लोणारचे विवर घ्यावे. त्याच्या काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून तळापर्यंतची खोली सुमारे १५० मीटर आहे. मुलांना विवर काढायला सांगितले तर बहुतेक मुले खोल वाटी काढतील. हिशेब मात्र वेगळे सांगतो. व्यास आणि खोली यांचे गुणोत्तर १२:१ आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या जेवणाच्या ताटाची कड अडीच सेंटिमीटर उंच असेल, तर लोणारचा आकार त्या ताटासारखा आहे. १:४,००० प्रमाणात त्याचा व्यास ४५ सेंटिमीटर येतो, खोली पावणेचार सेंटिमीटर, म्हणजे पुठ्ठ्याचे १२ ते १३ थर. काठावर उभे राहून पाहणाऱ्याला ते कितीतरी खोल वाटते, कारण आपला डोळा उंची नेहमी वाढवून पाहतो. एकदा हे विवर खऱ्या प्रमाणात केले की मुलांच्या मनातील वाटीचे ताट होते आणि पुढील कामाला शिस्त लागते.

उभे प्रमाण वाढवल्याने काय बिघडते तेही पाहू. २० पावले चालल्यावर १ पाऊल वर नेणारा चढ बैलगाडी सहज चढते. उभे प्रमाण दुप्पट केले की पटावर तो १० पावलांना १ पाऊल दिसतो. पाचपट केले तर ४ पावलांना १. अशा चढावर गाडी नेण्याचा विचारही कोणी करणार नाही. म्हणून आम्ही सुचवतो की सपाट प्रदेशासाठी उभे प्रमाण दुप्पट ठेवावे आणि पटाच्या कडेला ‘उभे प्रमाण दुप्पट’ असे ठळक लिहावे. १:५०,००० च्या नकाशावर दोन समोच्च रेषांमधील अंतर बहुधा २० मीटर असते. ते नकाशाच्या तळाशी छापलेले असते. दुप्पट प्रमाणात हे २० मीटर पटावर १ सेंटिमीटर होतात, म्हणजे ३ मिलिमीटरचे तीन पुठ्ठे आणि वर १ मिलिमीटर लगदा.

शिवारातील आणि घरातील सामान

डोणगावच्या आसपास कापूस, तूर, सोयाबीन आणि ज्वारी ही ओळखीची पिके. त्यामुळे सामान शोधायला लांब जावे लागत नाही. किराणा दुकानातील खोकी, जुनी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका, संपलेल्या वह्यांची पुठ्ठे, काड्यापेटीतील जळालेल्या काड्या, चहाचा वाळवलेला चोथा आणि सुताराकडील भुसा घरातून व गावातून जमतो. शेतातून तुराट्या, पऱ्हाटीच्या बारीक काड्या, सोयाबीनचे कुटार आणि ज्वारीचे धांडे आणावेत. धांड्याच्या गाभ्याच्या बैलगाड्या ज्यांनी लहानपणी केल्या आहेत, त्यांना हा गाभा किती हलका आणि कापायला किती सोपा असतो हे सांगायला नको.

पुठ्ठ्याचे थर समोच्च रेषांप्रमाणे कापून एकावर एक चिकटवावेत. पन्हाळीदार पुठ्ठा हलका असूनही वाकत नाही, कारण त्याच्या दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद उभा असतो आणि तो त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. पन्हाळीच्या दिशेला आडवा वाकवला तर तो ताठ राहतो, तिच्या रेषेत मात्र सहज दुमडतो. म्हणून एका थरातील पन्हाळी पूर्व-पश्चिम ठेवली तर वरच्या थरातील दक्षिणोत्तर ठेवावी. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे असेच आलटून पालटून बसवलेले असतात.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल चालतो; पण मोठ्या पटाला तो महाग पडतो. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून पाण्यात शिजवले की उत्तम खळ होते. खळीत ओलावा असल्याने एक अडचण येते. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला तर वाळल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. पाणी शोषले की तंतू फुगतात, विशेषतः जाडीच्या दिशेने. वाळताना ते आक्रसतात आणि ज्या पुठ्ठ्याला चिकटले त्यालाही बरोबर ओढतात. पुठ्ठ्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद चिकटवला तर दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात. पट वाळताना त्यावर विटा ठेवाव्यात आणि तो उन्हात न ठेवता सावलीत दोन दिवस वाळवावा.

थरांच्या पायऱ्या भरण्यासाठी कागदाचा लगदा करावा. वर्तमानपत्राचे तुकडे दोन दिवस भिजवून, पिळून, कुटून घ्यावेत. चार ओंजळी लगद्याला एक ओंजळ खळ पुरते. आपल्याकडे लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या बायका त्यात भिजवून वाटलेली मेथी घालत. मेथीचा चिकटपणा लगद्याला बांधतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड दूर राहते असा त्यांचा अनुभव होता. लगदा पातळ थरानेच लावावा. जाड थर आतून ओला राहतो आणि त्यावर बुरशी येते.

वरचा मातीचा थर देताना एक पथ्य पाळावे. आपल्या भागातील काळी माती वापरू नये. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. पटावरही त्याच भेगा पडतील. त्याऐवजी बारीक चाळलेला मुरूम खळीवर भुरभुरावा.

रंग, झाडे आणि पाणी

१:४,००० प्रमाणात ८ मीटर उंचीचे झाड २ मिलिमीटरचे होते, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे. चार मीटर उंचीचे घर १ मिलिमीटरचे. त्यामुळे पटावर एकेक झाड दाखवण्याच्या फंदात न पडता झाडीचे पुंजके दाखवावेत. त्यासाठी चहाचा चोथा किंवा हिरवा रंगवलेला भुसा योग्य. खरे धान्य वापरू नये. उंदीर आणि पोरकिडे एका रात्रीत जंगलतोड करतात. घरांसाठी धांड्याच्या गाभ्याच्या पातळ चकत्या चौकोनी कापाव्यात. पिकांच्या रेषा कुटाराने दाखवता येतात.

गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) वाळलेल्या जाळीची झाडे फार सुंदर होतात. पण ती या पटावर ठेवली तर प्रत्येक झाड शेकडो मीटर उंचीचे ठरेल. ती हौस भागवायची असेल तर १:१०० प्रमाणाचा दुसरा छोटा तक्ता करावा. त्यात गावाच्या कुसाचा एखादा कोपरा दाखवावा. तिथे ८ मीटरचे झाड ८ सेंटिमीटरचे, ३ मीटरची भिंत ३ सेंटिमीटरची आणि माणूस दीड सेंटिमीटरहून थोडा उंच होतो. तुराटीचे खांब आणि लगद्याची भिंत या प्रमाणात शोभते.

रंगांसाठी गेरू, चुना, नीळ आणि काजळी पुरेशी आहेत. हळद टाळावी. ती उन्हात विटते आणि चुन्याशी तिची गाठ पडली की अल्कलीमुळे लाल होते; गणपतीच्या दिवसांत आरतीच्या ताटात दिसणारी ही रसायनशास्त्राची गंमत रणांगणावर नको. रंग थोडे फिकेच ठेवावेत. दूरची जमीन आपल्याला हवेच्या थरांतून दिसते. हवेत विखुरलेला प्रकाश तिच्या रंगात मिसळून तिला फिकट आणि किंचित निळसर करतो. आपला पट म्हणजे बऱ्याच उंचीवरून पाहिलेली जमीन. म्हणून प्रत्येक रंगात थोडा चुना मिसळला तर ती खरी वाटते, भडक रंगाने खेळण्यासारखी दिसते.

नदीला निळा रंग देण्याची मुलांना सवय असते. पावसाळ्यात आपली नदी निळी असते का, हे त्यांनाच विचारावे. गेरू आणि काजळीचा गढूळ रंग देऊन वर फेव्हिकॉलचा थर द्यावा. ओला फेव्हिकॉल पांढरा दिसतो, कारण पाण्यात तरंगणारे त्याचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांत मिसळून सलग पारदर्शक पापुद्रा होतो आणि नदीच्या पाण्याला चमक येते.

पटावर असईची लढाई

आता या पटावर लढाई मांडू. आम्ही निवडलेली लढाई बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे), दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली.

पटावर दक्षिणेकडून केळणा आणि उत्तरेकडून जुई या दोन नद्या पूर्वेकडे वाहताना दाखवाव्यात. पूर्वेला त्यांचा संगम होतो. मधली जमीन जिभेच्या आकाराची आहे. असई गाव जुईच्या दक्षिण काठावर. मराठ्यांचे कवायती पायदळ आणि तोफा केळणेच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून उभ्या होत्या. समोर नदी आणि तिचे उंच काठ. वेलस्ली दक्षिणेकडून आला. स्टीव्हन्सनच्या दुसऱ्या फौजेची गाठ पडून २४ तारखेला एकत्र हल्ला करायचा असा त्याचा बेत होता. पण मराठी फौज अपेक्षेपेक्षा जवळ असल्याचे त्याला २३ तारखेलाच कळले.

समोरून नदी ओलांडणे म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जाणे. दुसरा नदीउतार जवळपास नाही असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने पूर्वेकडे पाहिले. तिथे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे होती. इंग्रज कागदपत्रांत त्यांची नावे पीपलगाव आणि वारूर अशी येतात. समोरासमोर दोन गावे असतील तर त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, आणि ये-जा असेल तर नदीउतारही असणार, असा तर्क त्याने केला. शोध घेतल्यावर तो खरा ठरला. तिथे पहारा नव्हता. कंपनीची फौज नदी ओलांडून दोन नद्यांमधल्या जिभेत शिरली.

हा तर्क परक्या सेनापतीला सुचला; पण त्याचा आधार आपल्या खेड्यांच्या रचनेत होता. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी एकाच नावाची दोन गावे, एक बुद्रुक आणि एक खुर्द, नदीच्या किंवा ओढ्याच्या दोन काठांवर असतात. मुलांना आपल्या तालुक्याच्या नकाशावर अशा जोड्या शोधायला सांगावे. पैनगंगेच्या काठची अशी ठिकाणे पाहून तिथे पूर्वी गाडीवाट होती का हे वडीलधाऱ्यांना विचारावे. वेलस्लीचा तर्क किती वेळा खरा ठरतो याचा तक्ता करता येईल.

काड्यांचा हिशेब

सैनिक कसे दाखवायचे? १:४,००० प्रमाणात माणूस अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होतो. म्हणून पलटण हेच एकक घ्यावे. ६०० जणांची पलटण दोन रांगांत उभी राहिली तर एका रांगेत ३०० जण. माणसामागे अर्धा मीटर धरला तर रांगेची लांबी १५० मीटर, म्हणजे पटावर पावणेचार सेंटिमीटर. गूल तोडलेली काड्यापेटीतील काडी जवळजवळ एवढीच असते. एक काडी, एक पलटण.

शिंदे-भोसल्यांचे कवायती पायदळ सुमारे १०,८०० होते. म्हणजे १८ काड्या. वेलस्लीकडून प्रत्यक्ष हल्ल्यात उतरलेले सैन्य सुमारे ४,५०० होते. म्हणजे सात-आठ काड्या. मोकळ्या पटावर १८ काड्या एका ओळीत मांडल्या तर ६७ सेंटिमीटर लांबीची ओळ होते. आठ काड्यांची ओळ ३० सेंटिमीटर. लांब ओळ आखूड ओळीला दोन्ही बाजूंनी सहज वेढते.

आता त्याच काड्या दोन नद्यांच्या मध्ये मांडून पाहाव्यात. वेलस्ली पूर्वेकडून आला हे दिसताच शिंद्यांचा सरदार पोलमन याने आपली सारी ओळ काटकोनात फिरवली. उजवी बाजू केळणेवर आणि डावी बाजू असई गावापाशी जुईवर टेकली. ही हालचाल इतकी शिस्तीची होती की तिने वेलस्लीलाही चकित केले. पण नव्या आघाडीची लांबी होती सुमारे १.६ किलोमीटर, म्हणजे पटावर ४० सेंटिमीटर. तिथे १० ते ११ काड्याच मावतात. उरलेल्या मागे ठेवाव्या लागतात. हजारोंचे घोडदळ तर बाजूने वळसा घालायला जागाच नसल्याने अडकून पडते. संख्येचा फायदा नद्यांनी कापून टाकला. काड्या हातात घेऊन मांडणाऱ्या मुलाला हे सांगावे लागत नाही; त्या मावत नाहीत हे त्याला स्वतःलाच दिसते.

तरीही कंपनीचा विजय स्वस्त नव्हता. अरुंद आघाडीमुळे मराठ्यांच्या सुमारे शंभर तोफाही दाटीने उभ्या राहिल्या. पटावर हेही मोजता येते. मिनिटाला ७५ पावले आणि पाऊल पाऊण मीटरचे धरले तर पायदळ मिनिटाला ५६ मीटर जाते. पाच मिनिटांची एक खेळी धरली तर काडी एका खेळीत ७ सेंटिमीटर सरकेल. त्या काळच्या मैदानी तोफेच्या गोळ्याचा परिणामकारक पल्ला ८०० मीटर धरू, म्हणजे २० सेंटिमीटरचा दोरा. एवढे अंतर ओलांडायला १४ मिनिटे लागतात. तेवढा वेळ माणसे तोफांसमोर चालत होती. उजव्या टोकाची एक तुकडी भरकटून असई गावाच्या तोफांपुढे गेली आणि तिची व तिच्यामागच्या ७४व्या हायलंडर पलटणीची फार हानी झाली. कंपनीचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १,६०० जण होते. साडेचार हजारांतील एवढे; आठ काड्यांतील जवळजवळ तीन. शेवटी मराठी फौज जुई ओलांडून मागे हटली आणि तोफा शत्रूच्या हाती पडल्या. मराठ्यांकडे पडलेल्यांचे आकडे निरनिराळे सांगितले जातात.

दोऱ्याची दृष्टिरेषा

सेनापतीला काय दिसत होते, हा प्रश्न दोऱ्याने सोडवता येतो. पटावर दोन ठिकाणी टाचण्या टोचून त्यांच्या बुडाशी दोरा ताणावा. मधल्या चढाला दोरा टेकला तर एका ठिकाणाहून दुसरे दिसत नाही. मोकळा राहिला तर दिसते.

चौकस विद्यार्थी इथे विचारेल, की उभे प्रमाण दुप्पट केले असताना हे उत्तर खरे कसे? प्रश्न उत्तम आहे आणि उत्तर त्याहून सुंदर. सर्व उंची एकाच पटीत वाढवल्या तर सरळ रेषा सरळच राहते. एखाद्या जागी दृष्टिरेषेची उंची ३० मीटर आणि तिथल्या टेकाडाची २४ मीटर असेल, तर दुप्पट केल्यावर त्या ६० आणि ४८ होतील. रेषा वरच राहते. म्हणजे उभे प्रमाण वाढवल्याने उतार खोटे होतात, पण दृष्टिरेषा खऱ्या राहतात. दहावीच्या भूमितीतील समरूप त्रिकोण वापरून विद्यार्थ्यांनी हे स्वतः सिद्ध करावे.

वर्गात खेळताना

दोन गट करावेत. प्रत्येक गटाने आपला हुकूम चिठ्ठीवर लिहून शिक्षकांकडे द्यावा. शिक्षक पंच. पायदळाला एका खेळीत ७ सेंटिमीटर; नदीउतारावरून एका खेळीत एकच पलटण; उंच काठावरून कोणालाही नदीत उतरता येणार नाही; तोफेला २० सेंटिमीटरचा दोरा, आणि तोही दृष्टिरेषा मोकळी असेल तरच. एवढे नियम पुरेत. पीपलगावच्या नदीउतारावर मराठ्यांनी दोन पलटणी आणि काही तोफा ठेवल्या असत्या तर काय झाले असते? पोलमनने ओळ फिरवलीच नसती तर? अशा प्रश्नांवर पटाभोवती वाद होऊ द्यावेत. मात्र प्रत्येक उत्तर सेंटिमीटरमध्ये द्यायला लावावे.

खेळ संपल्यावर बाजूला काढलेल्या काड्या मुलांकडूनच मोजून घ्याव्यात आणि ६०० ने गुणायला सांगावे. तो गुणाकार फळ्यावर लिहून तास संपवावा.

काही खबरदारी

कटर आणि पाते मोठ्यांनीच चालवावे. पॅकिंगमधून आलेला थर्मोकोल टेकडीसाठी मोहात पाडतो. २०१८ साली महाराष्ट्रात थर्मोकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीच्या सामानावर बंदी आली. पॅकिंगमधला हाती आलाच तर तो तापलेल्या तारेने कापू नये, त्याचा धूर घातक असतो. त्याला स्प्रेचा रंगही देऊ नये, कारण त्यातील द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवते आणि टेकडीचा खड्डा होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कापूसपट्ट्यातील शाळांसाठी. कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि बाटल्या कितीही उपयोगी दिसल्या तरी हात लावू नये. धुऊनही त्यांत विष उरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही. मुलांना सामान गोळा करायला पाठवताना काय आणायचे याच्याआधी काय आणायचे नाही ते सांगावे.

पुढील वर्षासाठी आणखी एक रणांगण याच जिल्ह्यात आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात लढाई झाली आणि दक्षिणेत निजामाची सत्ता पक्की झाली. साखरखेर्ड्याचा नकाशा मिळवावा, एखाद्या सुटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन ती जमीन पायी पाहावी, चढउतार वहीत नोंदवावेत आणि मगच पुठ्ठा कापायला घ्यावा.